बिनतारी संच आणि निरोप्या

वॉकीटॉकी हा शब्द आता खेळण्यांच्या दुकानातही ऐकू येतो. परंतु दुसऱ्या महायुद्धात ते नाव पाठीवर वाहून न्यावयाच्या, पंधरा-सतरा किलो वजनाच्या संचाचे होते. युद्धपटांतील सैनिक कानाशी धरतो त्या लांबट हातसंचास त्या काळी हँडीटॉकी म्हणत. पुढे धाकट्याने थोरल्याचे नाव घेतले आणि थोरला विस्मृतीत गेला.

या संचांची निकड समजण्यासाठी पहिल्या महायुद्धाकडे वळावे लागते. खंदकातील सैनिक चढाईस निघाले की टेलिफोनची तार मागे राही. जी ओढून न्यावी ती तोफगोळ्यांनी तुटे. मग उरत ते कबुतर आणि धावत जाणारा निरोप्या. तो पोहोचेपर्यंत निरोपातील मजकूर शिळा झालेला असे, आणि आपल्याच तोफांचे गोळे आपल्याच माणसांवर पडत.

उपाय दोन ठिकाणी शोधला जात होता. अमेरिकेत सैन्याच्या फोर्ट मनमथ येथील प्रयोगशाळांत १९३० नंतरच्या दशकात पाठीवरचे संच तयार होऊ लागले. कॅनडात डोनाल्ड हिंग्ज यांनी १९३७ मध्ये एका खाणकंपनीसाठी तसाच संच बनवला; दुर्गम प्रदेशात उतरणाऱ्या वैमानिकांची सोय हा त्यामागील हेतू. युद्ध सुरू झाले आणि ही सोय सैन्याची गरज बनली.

शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीने (हीच पुढे मोटोरोला झाली) प्रथम एस.सी.आर. ५३६ हा हातसंच काढला. वजन सुमारे सव्वादोन किलो, आत पाच व्हॉल्व्ह, पल्ला जेमतेम मैलभर. अँटेना बाहेर ओढली की तो सुरू होई, आत सारली की बंद. मात्र त्याची कंपनसंख्या आतील स्फटिकाने ठरलेली असे, ती रणांगणावर बदलता येत नसे. शिवाय बोलताना ऐकता येत नाही, ही अडचण या साऱ्याच संचांना होती. नदीकाठच्या जिल्ह्यात पूरनियंत्रणाचे काम पाहताना आम्हीही पोलिसांच्या संचावर ‘ओव्हर’ म्हणावयास विसरून समोरच्या हवालदारास ताटकळत ठेवले आहे. तेथे फक्त खोळंबा होई. रणांगणावर तेवढ्याने जीव जात असत.

त्याच कंपनीचा पुढचा संच, एस.सी.आर. ३००, हा मात्र वेगळ्या योग्यतेचा. तोवरचे बहुतेक संच लहरींची उंची कमीजास्त करून आवाज वाहून नेत. वीज कडाडली वा शेजारून रणगाडा गेला की तो खरखराटही आवाजात मिसळे. एडविन आर्मस्ट्राँग यांच्या एफ.एम. पद्धतीत उंची तीच राहते, बदलते ती कंपनसंख्या. म्हणून खरखर गाळता येते. आर्मस्ट्राँग यांनी युद्धकाळात आपली एकस्वे सैन्यास विनामोबदला वापरू दिली. संचाची एफ.एम. रचना डॅनियल नोबल यांची. त्यांनी त्याआधी कनेटिकट राज्याच्या पोलिसदलासाठी एफ.एम. यंत्रणा उभारली होती. राज्यशासनाच्या सेवेत आयुष्य घालवलेल्या आम्हांस या तपशिलाचे अंमळ अधिकच कौतुक वाटते. एक्केचाळीस वाहिन्या, तीन मैलांचा पल्ला. १९४४ मध्ये इटली व नॉर्मंडीत हा संच पायदळाच्या पाठीवर होता.

परंतु तार गेली तरी परावलंबन गेले नाही. ते बॅटरी, झाडी आणि भूप्रदेश यांवर येऊन पडले. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधील आर्न्हेम येथे ब्रिटिश छत्रीधारी सैन्य लक्ष्य असलेल्या पुलापासून दहा-बारा किलोमीटरांवर उतरले. झाडी आणि वस्तीत त्यांचे संच मुके झाले. सेनानी मेजर जनरल अर्कहार्ट परिस्थिती पाहण्यास स्वतः पुढे गेले, तुटले, आणि एका घराच्या माळ्यावर लपून त्यांना रात्र काढावी लागली.

ब्रह्मदेशात १९४३ मध्ये विंगेट यांच्या चिंडिट तुकड्यांनी नेलेले वजनदार संच खेचरांच्या पाठीवर होते. रसद फक्त विमानातून मिळणार आणि विमानास ठिकाण कळणार ते बिनतारी संदेशानेच. परतताना तुकड्या विखुरल्या. ज्यांच्याजवळ संच उरला नाही, त्यांच्यापैकी अनेकांची उपासमार झाली. पल्ला, वाहिन्या आणि वजन यांच्या तक्त्यांत ही भूक दिसत नाही.

आणि निरोप्या? तो हद्दपार झाला असे समजणे चुकीचे ठरेल. ९ एप्रिल १९४५, इटलीतील सेनिओ नदी. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्ये, म्हणून कंपनी कमांडरबरोबर पाण्यात उतरले. दोन्ही काठांचे उभे बांध जर्मन मशीनगनांनी भरलेले. कमांडर आणि दोन सोबती जखमी झाले. जाधवांनी दोघा जखमींना एकेक करून उचलून, नदी आणि सुरुंगपट्टा ओलांडून, दोन खेपांत मागे आणले. तिसऱ्यांदा ते एकटे गेले. पहिले ठाणे टॉमीगनने गप्प केले. हाताला जखम झाल्यावर ती बंदूक टाकून हातबॉम्बनी आणखी दोन. मग ते बांधाच्या माथ्यावर चढले आणि उखळी तोफांचा मारा चालू असता, उघड्यावर उभे राहून, मराठ्यांची रणगर्जना करीत, हाताने खुणावून त्यांनी उरलेल्या कंपन्यांना नदीपार बोलावून घेतले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.