घायपाताची शंभर वर्षे

बांधावरचा घायपात कोणाला ठाऊक नाही? त्याच्या वाखाची चऱ्हाटे आपल्या बापजाद्यांनी वळली. त्यामुळे तो इथल्याच मातीतला, असे आपण धरून चालतो. पण त्याचे मूळ घर आहे मेक्सिको.

तिथले अझ्टेक लोक त्याला 'मेत्ल' म्हणत. त्याच्या पानांच्या वाखाचे ते दोर वळीत, कापड विणीत. पानाच्या टोकाचा काटा, त्याला चिकटलेल्या धाग्यासकट उपटला, की सुई-दोरा तयार! फुलोरा येण्याच्या सुमारास गाभा कोरला म्हणजे खळग्यात गोड रस साठतो. तो आंबवून 'पुल्के' नावाचे पेय करीत. एवढे देणाऱ्या झाडाला त्यांनी मायावेल नावाची देवीच मानले, यात नवल ते काय?

१५२१ साली अझ्टेकांची राजधानी स्पॅनिशांच्या हाती पडली, आणि त्याच शतकात हे रोप युरोपच्या बागांत पोचले. वाखाशी तिथल्या धनिकांना काय करायचे? त्यांनी ते शोभेसाठी कुंडीत लावले, थंडीत उचलून आत ठेवले. थंड मुलुखात ते लवकर फुलेना, म्हणून शंभर वर्षांनी एकदाच फुलते अशी समजूत पसरली. खरे पाहता ते बहुधा दहा ते तीस वर्षांत फुलते. वीस-पंचवीस फुटांचा दांडा उभा राहतो, आणि फुलून झाले की मूळ झाड मरते. १७५३ साली लिनियसने त्याला 'अगावे अमेरिकाना' हे शास्त्रीय नाव दिले. ग्रीक भाषेत त्या शब्दात थोरवीचा अर्थ आहे. १९०७ पासून कॅलिफोर्नियात हंटिंग्टन यांच्या वाळवंटी बागेत अशा वनस्पतींना मानाची जागा मिळाली.

पाण्याविना हा तग धरतो कसा? इतर झाडांची पर्णरंध्रे दिवसा उघडी असतात. हा गडी मात्र ती रात्री उघडतो. उन्हात पाणी उडत नाही, आणि जाड पानांत साठा राहतो.

हे सारे वर्गात शिकवूनही मी चुकलोच. शाळेत शिक्षक होतो तेव्हा पिवळ्या काठाचा एक घायपात अंगणात, काळ्या मातीत लावला. उन्हाळ्यात मुलांकडून त्याला रोज बादलीभर पाणी घालवले. तेही गावात टँकरची वाट पाहत असताना! पावसाळ्यात बुडखा कुजला. मुलांनी विचारले, "गुरुजी, पाणी घालूनही कसं काय मेलं?" काय सांगणार?

बुंध्याशी दोन पिल्ले तेवढी वाचली होती. ती हलक्या हाताने सुटी केली, जखम सुकावी म्हणून आठवडाभर सावलीत ठेवली आणि मुरूम-खडीच्या उंचवट्यावर उन्हात लावली, वाटेपासून चार हात लांब. कारण काटा डोळ्यात जाईल ही धास्ती, आणि पानाच्या रसाने कातडी खाजते. मूळ धरीपर्यंत मधूनमधून तांब्याभर पाणी दिले, मग तेही थांबवले. पुढे माझी नोकरी कॉलेजात लागली. गेल्या वर्षी सहज तिकडे गेलो, तर दोन्ही घायपात माझ्या छातीला लागत होते.