द. रा. कापरेकर : गणिताचे वेड आणि विद्याक्षेत्रातील एकाकीपणा

भारतीय गणिताच्या इतिहासात एकाकी गणितज्ञ म्हटले की श्रीनिवास रामानुजन यांचे नाव प्रथम पुढे येते. परंतु रामानुजन यांना १९१४ मध्ये केंब्रिज गाठता आले आणि हार्डी यांच्यासारखा समानधर्मा लाभला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांचा एकाकीपणा वेगळ्या जातीचा होता. प्रस्तुत निबंधात त्याच्या कारणांचा परामर्श घेतला आहे.

डहाणू येथे जन्मलेले कापरेकर फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले व १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र घडले नाही. १९३० ते १९६२ या काळात त्यांनी नाशिकजवळील देवळाली येथे शाळाशिक्षकाची नोकरी केली. विद्यापीठीय पद नाही, मार्गदर्शक नाही. अशा स्थितीत कागद, पेन्सिल आणि दशमान पद्धतीतील अंक एवढीच सामग्री हाताशी होती. त्यांच्या संशोधनाचे विषयही त्यातूनच ठरत गेले असावेत.

६१७४ हा त्यांचा सर्वपरिचित शोध. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी आणि हीच क्रिया पुन्हा करीत राहावे. ३५२४ घेतल्यास प्रथम ३०८७, नंतर ८३५२ व शेवटी ६१७४ येते आणि पुढे तेच येत राहते. सातहून अधिक पायऱ्या कधीच लागत नाहीत. १९४९ च्या मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. ‘स्वयंभू’ संख्याही त्यांच्याच. १५ मध्ये तिचे अंक १ व ५ मिळविले की २१ येते. २० मात्र अशा रीतीने कोणत्याच संख्येपासून मिळत नाही, म्हणून ती स्वयंभू.

अनेक व्यावसायिक गणितज्ञांनी हे काम क्षुल्लक मानले. या अनास्थेला केवळ आकस म्हणणे अन्यायाचे होईल. अंकांचे असे गुणधर्म लेखनपद्धतीवर अवलंबून असतात. दहाऐवजी दुसरा पाया घेतला की ६१७४ चे माहात्म्य उरत नाही. खुद्द हार्डी यांनी १९४० च्या आपल्या आत्मपर ग्रंथात ८७१२ (उलट क्रमाच्या २१७८ ची चौपट) यांसारखी उदाहरणे देऊन त्यांना गंभीर गणितात स्थान नाकारले होते. रामानुजन यांना ओळखणारी दृष्टी कापरेकरांच्या वाटेकडे वळलीच नसती, असे म्हणावे लागते. तथापि आक्षेप विषयावर होता आणि उपेक्षा व्यक्तीच्या वाट्याला आली, हे लक्षणीय आहे. त्यांचे बरेचसे लेखन दुय्यम नियतकालिकांत वा स्वखर्चाने काढलेल्या पुस्तिकांतच राहिले.

समाजाने त्यांना सर्वस्वी दूर ठेवले होते असे मात्र नाही. महाविद्यालयांतून त्यांना व्याख्यानांची निमंत्रणे येत आणि विद्यार्थी रमत. श्रोते मिळाले, पण सिद्धता तपासून पुढे नेणारा सहकारी मिळाला नाही. मराठीत ‘नाद’, ‘वेड’ व ‘छंद’ हे तिन्ही शब्द अशा माणसाविषयी सहज वापरले जातात. ‘संशोधन’ हा शब्द तेवढा पदवीची वाट पाहतो.

निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने उत्तरायुष्यात त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्या कार्याची ओळख करून दिली, तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते आणि शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती.