पेन्शन : मेहेरबानी की हक्क?

बीड जिल्ह्याचा इतिहास लिहिणारे निजाम सांगतात, रझाकार सांगतात, देवस्थानं सांगतात. महारवाड्यातनं पलटणीत गेलेल्यांचं कुणी सांगत नाही. ते मी सांगतो.

पलटणीने आमच्या माणसाला पगार दिला, पोरांना शाळा दिली आणि म्हातारपणी पेन्शन दिली. पेन्शन म्हंजे गावाच्या हातातनं न येणारा पैसा. बलुत्यासाठी वाकायचं नाही, येसकरकीची काठी धरायची नाही. सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी ही पेन्शन होती, म्हणून लेकराला शिकवायची ताकद होती.

पण ही पेन्शन सरकारची मेहेरबानी होती. १८७१ च्या पेन्शन कायद्याने सावकाराला शिपायाच्या पेन्शनवर टाच आणू दिली नाही, हे खरं. त्याच कायद्याच्या ४ थ्या कलमाने दिवाणी कोर्टाचं दारही बंद केलं. सरकारनं दिली नाही तर दाद मागायची कुठं?

१८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. सही केली तर पेन्शन जाईल, या भीतीनं काही पेन्शनरांनी अंग काढून घेतलं, असं सांगतात. त्यांना भित्रे म्हणू नका. मेहेरबानीवर जगणाऱ्याचं तोंड असंच बंद होतं. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी पुन्हा अर्ज केला, थेट भारतमंत्र्याकडे. १९१७ ला, पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली. गरज सरली, १९२१ ला मोडली. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, कारण दुसरं महायुद्ध पेटलं होतं. लढाई आली की आम्ही लढवय्ये, संपली की अस्पृश्य.

आमचा आजा आष्टी तालुक्यातला. निजामाच्या मुलखातनं नगरला जाऊन १९४२ ला भरती झाला, १९४६ ला सुट्टी देऊन घरी पाठवला. नोकरी चार वर्षं. पेन्शनला पंधरा लागतात. पाठीला मार होता, पण तो नोकरीतच बसला याचा कागद आण म्हणाले. कागद कोण देणार? परत आल्यावर आज्यानं तीच येसकरकीची काठी हातात धरली. पलटणीतला बिल्ला आजीनं पिठाच्या डब्यात ठेवला होता.

पुढं कायदा थोडा हलला. १७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयानं नाकारा खटल्यात ठरवलं, की पेन्शन ही खैरात नाही, केलेल्या कामाचा हक्क आहे. २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं, की भरती होताना धडधाकट लिहिलेला जवान आजारी होऊन बाहेर पडला, तर आजार नोकरीमुळे नाही हे सरकारनं सिद्ध करायचं. आमच्या आज्याला जो कागद मागितला, तो आता सरकारनं आणायचा.

दवाखान्याचंही तेच. माजी सैनिकांची आरोग्य योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली, पण पेन्शन असेल त्यालाच. दुसऱ्या महायुद्धातल्या बिनपेन्शनवाल्यांना तिच्यात घेतलं २०१९ साली. लढाई १९४५ ला संपली, दवाखान्याचं दार उघडलं २०१९ ला. मधे ७४ वर्षं. एवढ्या वर्षांत माणूस राहतो का? आजा तर कधीच गेला.

आणि आता अग्निपथ. जून २०२२ पासून शिपायाची भरती चार वर्षांची. चारातल्या तिघांना घरी यायचंय. त्यांना एकरकमी पैसे मिळतील, पण पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ती आरोग्य योजना नाही. आमच्या भागात ऊसतोड कामगारांची पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात ती याच भरतीसाठी.

आज्याची नोकरी चार वर्षं, नातवाचीही चार वर्षं. दोस्तहो, धावायला जाणाऱ्या पोरांना हा हिशेब सांगा. मेडिकलचा प्रत्येक कागद जपून ठेवायला सांगा. ज्यांचे आजे बिनपेन्शन मेले, त्यांनी आता हक्काची भाषा शिकायला हवी. मेहेरबानीची भाषा आपल्याला पाठ आहे.