दीडशे डॉलरची टेप

२०२४ च्या गुड फ्रायडेचा लाँग वीकेंड. अलिबागचा बेत ठरलेला, आणि शनिवारी सकाळी मॅनेजरचा फोन: "सगळ्या सर्व्हरवर एक्सझेडचं व्हर्जन बघून सांग." एक्सझेड म्हणजे फाइल्स दाबून लहान करणारं एक फुकट सॉफ्टवेअर. बहुतेक लिनक्सवर असतंच. त्यात कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. (आमच्याकडे जुनं व्हर्जन निघालं. वाचलो. अलिबाग मात्र बुडालं.) नंतर वाचलं, तर ते वर्षानुवर्षं सांभाळणारा माणूस एकटा, बिनपगारी, थकलेला. मदतीला आलेल्या अनोळखी माणसाच्या हाती त्याने हळूहळू किल्ल्या दिल्या, आणि घात तिथेच झाला.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, या लोकांना पैसे द्यायचे कसे?

गंमत म्हणजे सुरुवातीला हे कोडं जवळजवळ सुटलेलं होतं. रिचर्ड स्टॉलमनने १९८४ मध्ये एमआयटीची नोकरी सोडली. पुढच्या वर्षी त्याचा ईमॅक्स एडिटर लोकांना हवासा झाला, पण नेटवर्क होतं मोजक्यांकडे. मग त्याने जाहीर केलं, १५० डॉलर पाठवा, टेप पोस्टाने पाठवतो. फुकट हवंय? मित्राकडून कॉपी करून घ्या, हरकत नाही! तरी लोक टेप मागवत. स्वारीची राहणी साधी, तेवढ्यावर भागण्यासारखं होतं. १९८९ मध्ये निघालेली सिग्नस कंपनी तर फुकट कंपायलरचा सपोर्ट विकायची. १९९९ मध्ये रेड हॅटने ती विकत घ्यायचं ठरवलं.

पुढे टेप गेली, डाउनलोड आलं आणि बिल फाडायला हातात वस्तूच उरली नाही. उरली देणगी. ओपनएसएसएल म्हणजे लाखो वेबसाइटचं कुलूप. एप्रिल २०१४ मध्ये त्यात हार्टब्लीडचं भोक सापडलं, तेव्हा कळलं की देणग्या वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर आणि पूर्णवेळ माणूस एक! जीएनयूपीजीच्या वर्नर कॉखची तंगी फेब्रुवारी २०१५ मध्ये छापून आली, मग फेसबुक आणि स्ट्राइपने वर्षाला पन्नास-पन्नास हजार देऊ केले. तहान लागल्यावर विहीर, दुसरं काय.

मीही ऑफिसात देणगीचं विचारून पाहिलं. अकाउंट्सच्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं, "व्हेंडर कोण? इनव्हॉइस कुठाय?" तेव्हा चिडलो. पण काका चुकले नव्हते. कंपनीला दान करता येत नाही, खरेदी येते. आमच्या सोसायटीची लिफ्ट व्यवस्थित चालते, तरी एएमसीचे पैसे दरवर्षी भरतोच की! सॉफ्टवेअर फुकट राहू दे, देखभालीचं बिल येऊ दे. अर्थात छंद म्हणून लिहिणाऱ्या प्रत्येकाला व्हेंडर व्हायचं नसतं, हेही खरं.

आमचा एक अख्खा प्रोजेक्ट ज्या लायब्ररीवर उभा आहे, तिच्या लेखकाला मागच्या रविवारी मेल टाकला: वर्षभराच्या सपोर्टचं बिल पाठवशील का? अजून उत्तर नाही. काकांनी व्हेंडरचा कोरा फॉर्म मात्र काढून ठेवलाय.