विनोदी विज्ञानकथांचा वानवळा

पुस्तकाचे अर्पणपत्र बहुतेक वाचक न वाचताच उलटतात. मी मात्र आज एका अर्पणपत्रापासूनच आरंभ करणार आहे. कॉनी विलिस या अमेरिकन लेखिकेने आपली 'टु से नथिंग ऑफ द डॉग' ही कादंबरी रॉबर्ट हाइनलाइन यांस अर्पण केली, आणि कारणही तेथेच नोंदवले: जेरोम के. जेरोम यांच्या 'थ्री मेन इन अ बोट' या पुस्तकाची ओळख तिला प्रथम हाइनलाइन यांच्याच एका कादंबरीत झाली.

ती कादंबरी म्हणजे १९५८ सालची 'हॅव स्पेस सूट, विल ट्रॅव्हल'. तीतल्या मुलाला चंद्रावर जायचे असते. बापाला विचारावे, तर तो जेरोमच्या पुस्तकात गढलेला. जायला त्याची मुळीच हरकत नाही. कसे जायचे ते मात्र तुझे तू पाहा, एवढेच त्याचे म्हणणे! वाचता वाचता विलिसबाईंना त्या बापाच्या हातातले पुस्तक हवेसे वाटले. पुढे त्यांनी आपला नायक एकविसाव्या शतकातून १८८८ सालच्या इंग्लंडात पाठवला. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्रीच्या कॅथीड्रलमधील एका विद्रूप फुलदाणीचा सारा खटाटोप. आणि त्यात टेम्स नदीवर या नायकाला जेरोमची नाव ओझरती भेटते. १९९९ साली या कादंबरीला ह्यूगो पारितोषिक मिळाले. १८८९ चा हा वानवळा एकशेदहा वर्षे घरोघर फिरत होता असे म्हणायला हरकत नाही.

विज्ञानकथा म्हटली की टीकाकार नाक मुरडतात. ती विनोदी असली तर दोनदा मुरडतात. अशा वाङ्मयाला तारले ते वाचकांनीच. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये न्यूयॉर्कला 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढले आणि पुढल्या वर्षी त्यात वाचकांच्या पत्रांचे सदर सुरू केले. पत्राखाली लिहिणाराचा पत्ताही छापत. गोष्ट क्षुल्लक, पण तिचा परिणाम मोठा झाला. गावात एकट्याच पडलेल्या वाचकाला दुसऱ्या गावातला सोबती सापडला. हे वाचा, ते टाळा, असे परस्पर कळवणे सुरू झाले. मंडळे निघाली, हौशी पत्रके निघाली, आणि १९३९ साली न्यूयॉर्कला सुमारे दोनशे रसिकांचे पहिले जागतिक संमेलन भरले.

डग्लस ॲडम्स यांचे 'द हिचहायकर्स गाइड टु द गॅलक्सी' हे नभोनाट्य बीबीसीने ८ मार्च १९७८ रोजी, रात्री साडेदहाला, फारशी जाहिरात न करता प्रक्षेपित केले. ती वेळ झोपेची! तरी ऐकणाऱ्याने दुसऱ्याला सांगितले आणि कीर्ती पसरली. पुढल्या वर्षी ब्रायटनच्या संमेलनात नाट्यविभागाचे ह्यूगो 'सुपरमॅन' चित्रपटाला मिळाले, तेव्हा त्याचा नायक क्रिस्टोफर रीव्ह यानेच, खरा मान 'हिचहायकर'चा होता, असे सुचवले. सभागृहाने जल्लोष केला. त्याच वर्षी कादंबरी निघाली. ती कोणालाही खुशाल द्यावी; १९९२ चा पाचवा भाग मात्र उदास आहे, तो मी कोणाच्या हाती देत नाही.

हीच रीत पुढे इंटरनेटवरील चित्रकथांना लाभली. फिल फोग्लिओ हे मुळात रसिकांच्या पत्रकांतले चित्रकार. १९७७ व १९७८ साली त्यांना हौशी चित्रकाराचे ह्यूगो मिळाले होते. त्यांनी व पत्नी काया यांनी २००१ साली 'गर्ल जीनियस' ही वेड्या शास्त्रज्ञांची कथा कागदावर आरंभली, आणि २००५ साली सुटे अंक बंद करून ती इंटरनेटवर विनामूल्य मांडली. २००९ पासून सलग तीन वर्षे चित्रकथेचे ह्यूगो तिलाच मिळाले. मग या जोडप्याने पुढील वर्षी आपले नाव आपणच स्पर्धेबाहेर ठेवले. असा संकोच आपल्याकडच्या संमेलनांतही क्वचितच दिसतो.

हॉवर्ड टेलर यांच्या 'श्लॉक मर्सिनरी'ला ते पारितोषिक कधी लाभले नाही. भाडोत्री अंतराळसैनिकांची ही थट्टेखोर कथा १२ जून २००० पासून २४ जुलै २०२० पर्यंत, एकही दिवस न चुकता, चालली. सात हजारांहून अधिक दिवसांचे हे काम. आरंभीची चित्रे कच्ची आहेत. वानवळा देणाराने ते आधीच सांगून ठेवावे, नाहीतर घेणारा दहाव्या दिवशीच परत आणून देतो.