छपरावरच्या अँटेनाशी बांधलेलं यंत्र

१९८०च्या दशकात आखातातून सुटीवर आलेल्या माणसाच्या सामानात व्हीसीआर असला, की रत्नागिरीकडच्या वाडीत त्या रात्री सिनेमा ठरलेला. दुबईत घेतलेलं यंत्र कोकणातही चाले, कारण प्रक्षेपणाची पाल पद्धत दोन्हीकडे होती.

त्याच्या वारसदाराला असा प्रवास मानवला नाही. हार्ड डिस्क, डीव्हीडी आणि डिजिटल ट्यूनर एकाच पेटीत आले. रात्रीची मालिका डिस्कवर उतरवायची, सवडीने पाहायची, आवडली तर डीव्हीडीवर घेऊन कपाटात ठेवायची. पण जपानचं डिजिटल प्रक्षेपण आयएसडीबी-टी, युरोपचं डीव्हीबी-टी, अमेरिकेचं एटीएससी. एका मुलखाचा ट्यूनर दुसऱ्या मुलखात मुका.

या यंत्राचं खरं माहेर जपान. पायोनियरने डिसेंबर १९९९मध्ये तिथे घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर आणला, किंमत अडीच लाख येन. लवकरच त्याला हार्ड डिस्कची जोड मिळाली. १ डिसेंबर २००३ रोजी टोकियो, ओसाका, नागोयात डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं. मुख्य वाहिन्या अँटेनावरच येत असल्याने घरच्या रेकॉर्डरला त्या सहज टिपता येत. मात्र हुबेहूब नकलांचा धसका घेतलेल्या वाहिन्यांनी २००४पासून 'एकच प्रत' हा नियम लावला: कार्यक्रम डीव्हीडीवर नेला, की हार्ड डिस्कवरून पुसला जाई. जुलै २००८मध्ये तो सैल झाला. नऊ प्रती घेता येऊ लागल्या, दहाव्या वेळी मात्र मूळ रेकॉर्डिंग जाई.

ब्रिटनमध्ये २००२ साली सुरू झालेल्या फ्रीव्ह्यूमुळे डिजिटल वाहिन्या अँटेनावर फुकट दिसू लागल्या, आणि पॅनासॉनिकसारख्यांचे असे रेकॉर्डर दुकानांत आले.

अमेरिकेत चित्र उलटं होतं. बहुतेक घरांत केबल किंवा डिश. त्यांच्या कुलूपबंद वाहिन्या बाहेरच्या ट्यूनरला उघडता येत नसत, आणि कंपन्या हार्ड डिस्कवाला बॉक्स महिन्याच्या भाड्याने देत. त्यातच १ मार्च २००७पासून ट्यूनर असलेल्या प्रत्येक नव्या रेकॉर्डरमध्ये डिजिटल ट्यूनर सक्तीचा झाला. खर्च टाळण्यासाठी काही उत्पादकांनी ट्यूनरच काढून टाकला. हार्ड डिस्क, डीव्हीडी आणि डिजिटल ट्यूनर तिन्ही हवे असलेल्या ग्राहकापुढे मॅग्नाव्हॉक्ससारखी मोजकीच नावं उरली.

भारतातही डिजिटल चित्र घरोघर पोहोचलं ते डिश आणि केबलमधून. २००८मध्ये टाटा स्काय प्लसने रेकॉर्डिंगची सोय दिली, पण रेकॉर्डिंग त्या बॉक्सातच राहत असे.

२४ जुलै २०११ रोजी जपानने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबवलं. नुसता अ‍ॅनालॉग ट्यूनर असलेल्या जुन्या रेकॉर्डरना टिपायला काही उरलं नाही. अपवाद होते मार्चच्या भूकंपाने आणि त्सुनामीने उद्ध्वस्त झालेले इवाते, मियागी आणि फुकुशिमा. तिथे जुनं प्रक्षेपण ३१ मार्च २०१२पर्यंत चालू ठेवलं गेलं, आणि जुने रेकॉर्डर आणखी आठ महिने कार्यक्रम टिपत राहिले.