काढून टाकलेला पहारेकरी

२ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर कंपनीने सुरक्षेचा एक नियम एकदम जगभर लागू केला आणि असंख्य संकेतस्थळं बंद पडली. नियमातल्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘काहीही, कितीही’ असं लागोपाठ दोनदा आलं होतं. मजकूर जुळला नाही की यंत्र मागे येऊन नव्याने वाटण्या करत बसे. त्यातच प्रोसेसर अडकले. २७ मिनिटांनी सावरलं, तेही ती सुरक्षा बंद करून. मग नियम मागे घेतला.

पण गंमत पुढेच आहे. असा अतिवापर रोखणारी तरतूद आधी होती. प्रोसेसरवरचा भार कमी करायच्या सुधारणेतच ती काही आठवड्यांपूर्वी चुकून निघाली! ती परत बसवावी लागली. आणि मागे न फिरणारी पद्धत? ती केन थॉम्पसन यांनी १९६८ सालीच मांडली होती. चूक मागे घेता येते हो. पण पहारेकरी कशासाठी उभा होता, हे त्याला हलवण्याआधी विचारायचं असतं.